एमएस्सी जिऑलॉजी कुठून करू? आत जायच्या अटी सगळेच विचारतात, बाहेर पडायच्या अटी पण विचारा

प्रश्न थोडक्यात लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लातूर जिल्ह्यातली मुलगी आहे, बीएस्सीचं शेवटचं वर्ष, विषय जिऑलॉजी आणि केमिस्ट्री, बारावीला मॅथ्स होतं पण नंतर सुटलं. घरात लहानपणापासून किल्लारीच्या भूकंपाबद्दल ऐकत आलीये म्हणून पुढे भूकंपावरच काहीतरी करायचंय. आणि ती विचारतेय की एमएस्सी आयआयटीतूनच करावी लागते का, जिऑइन्फर्मेटिक्सला (संगणकावर नकाशे आणि भूमाहिती हाताळण्याचा विषय) जास्त स्कोप आहे म्हणतात ते खरं का, आणि अमेरिकेत थेट एमएस किंवा पीएचडीला घेतात का, त्याच्या अटी काय असतात.

मी बरीच वर्षं विद्यापीठात जिऑलॉजी शिकवतेय, त्याआधी खनिज शोधाच्या कामात होते, आता एमएस्सीचे प्रवेश आणि पीएचडीचे इंटरव्ह्यू दोन्हीकडे बसते. तू माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाची दिसतेस म्हणून अगंतुगं करतेय, चालेल ना.

तुझे प्रश्न तीन आहेत पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं मला वाटतं. कोर्स कॉलेजचं नाव बघून निवडायचा की तिथे दोन वर्षांत तुझ्याकडून काय काय करून घेणार ते बघून निवडायचा? सगळी मुलं प्रवेशाच्या अटी तोंडपाठ करून येतात, टक्के किती, परीक्षा कुठली, फॉर्मची तारीख काय. पण पदवी हातात पडायच्या आधी फील्ड किती दिवस, डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा संशोधन-प्रकल्प, किती क्रेडिटचं, लॅबमध्ये स्वतःच्या हाताने काय करायचं, हे मात्र जवळजवळ कुणीच विचारत नाही. जिऑलॉजिस्ट घडतो तो या दुसऱ्या अटींमुळे, म्हणून मी त्यांच्यावर जास्त लिहिणार आहे.

तरी पहिल्या अटी उरकून घेऊ. आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, त्यात जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो, तीन तास, 60 प्रश्न, 100 मार्क. त्यातले 30 प्रश्न नेहमीचे एक पर्यायवाले आणि निगेटिव्ह मार्किंग फक्त त्यांनाच. बाकी 10 प्रश्नांना एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि उरलेल्या 20 ला आकडा स्वतः काढून टाइप करायचा. आपली मुलं अडकतात ती या शेवटच्या 20 मध्ये, कारण बीएस्सीला गणितं सोडवायची सवयच राहत नाही. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आसपास निघतात. मुंबई, खरगपूर, रूरकी, धनबाद, भुवनेश्वर इथे या पेपरवर जिऑलॉजीचे प्रवेश होतात. पण नुसता स्कोअर पुरत नाही हं, बीएस्सीला जिऑलॉजी किती सेमिस्टर होता आणि जोडीला कुठले विषय होते याची अट प्रत्येक संस्था आपली आपली घालते, त्यामुळे तुझ्या जिऑलॉजी-केमिस्ट्रीवर कुठे चालतं आणि कुठे मॅथ्स-फिजिक्स मागतात हे एकेका संस्थेच्या माहितीपत्रकात बघावं लागेल, त्याला शॉर्टकट नाही. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ वगैरे केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी ही सामायिक प्रवेशपरीक्षा असते. आणि आपल्याकडे पुणे, नागपूर, अमरावती, नांदेड, सोलापूर, शेजारी गोवा, या सगळ्या विद्यापीठांत जिऑलॉजी किंवा अर्थ सायन्सेसचे विभाग आहेत, कुठे प्रवेशपरीक्षा, कुठे मेरिट.

आयआयटीच हवी का? मिळाली तर जरूर घे, लॅब चांगल्या असतात, सोबतची मुलं अभ्यासू असतात, आणि प्लेसमेंटला कंपन्या येतात. पण नाही मिळाली म्हणून एक अख्खं वर्ष घरी बसून फक्त जॅम करायची की नाही, हे तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहे, ते मी ठरवू शकत नाही. माझ्या पाहण्यात राज्य विद्यापीठातून एमएस्सी करून जिऑलॉजिकल सर्व्हेत गेलेली मुलं भरपूर आहेत, आणि मोठ्या नावाच्या ठिकाणाहून येऊन हातात दगड दिला की गप्प बसणारीही आहेत.

त्या दगडाचंच सांगते. आमच्याकडे इंटरव्ह्यूच्या टेबलावर चारपाच नमुने ठेवलेले असतात. त्यात एक आपला साधा पोकळ्यांचा बेसाल्ट. दहातली आठ मुलं लांबूनच बघतात आणि म्हणतात, बेसाल्ट, डेक्कन ट्रॅप, 66 मिलियन इयर्स. बरोबर आहे, पण हे दगड न बघताही सांगता येतं. मागे एक मुलगा आला, त्याने नमुना उचलला, पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी लावून ओला केला, खिशातून लेन्स काढून डोळ्याला लावली आणि दगड सावकाश फिरवत राहिला. मग म्हणाला, मॅडम पोकळ्या एका बाजूला खूप आहेत, दुसऱ्या बाजूला कमी होत गेल्यात, आत पांढरं भरलंय ते झिओलाइट असावं, म्हणजे हा तुकडा लाव्हाच्या फ्लोच्या वरच्या भागाचा असेल, पण कुठली बाजू वर होती हे गोळा करणाऱ्याने खूण केलेली नाही म्हणून खात्रीने सांगता येत नाही. त्याने दगडाचं नावही घेतलं नव्हतं अजून! त्याच्या मार्कशीटवर फार काही ग्रेट मार्क नव्हते, पण तो आमच्या यादीत वर गेला. हे क्लासमध्ये येत नाही, फील्डवर कुणीतरी मागे उभं राहून शंभरदा बघायला लावलेलं असतं तेव्हा येतं.

म्हणून प्रवेश घ्यायच्या आधी त्या विभागात सध्या शिकणाऱ्या एखाद्या मुलाला गाठ आणि विचार की फील्डला कुठे नेतात आणि किती दिवस. महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टने झाकलेला आहे आणि हे थर बहुतेक ठिकाणी जवळपास आडवे पडलेत. तू लातूरची म्हणजे तुझ्या चहूबाजूंना बेसाल्टच. घडी पडलेला खडक, नाईस आणि शिस्टसारखे रूपांतरित खडक हे तू बहुतेक म्युझियमच्या कपाटातच पाहिलेलं असणार, आणि ब्रंटन कंपासने डिप-स्ट्राइक, म्हणजे थराचा उतार आणि दिशा, घ्यायचा सराव आडव्या थरांवर होत नाही. नागपूरच्या मुलांचं याबाबतीत नशीब चांगलं, एका बाजूला बेसाल्ट, एका बाजूला कामठी-उमरेडचे कोळशाचे गोंडवाना खडक, आणि रामटेक-मनसरकडे गेलं की सौसरचे जुने रूपांतरित खडक, सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. गोव्यात धारवाड काळातले खडक आणि लोहखनिज, शिवाय समुद्र दारात आणि दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. पुण्यातून निघालं तर सिंधुदुर्गात किंवा कर्नाटकात उतरावं लागतं, चांगले शिक्षक नेतात. तर ज्या विभागात दोन वर्षांत बेसाल्टच्या बाहेर नेत नाहीत तिथे तू जाऊ नयेस असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी इमारत कितीही चकाचक असो.

दुसरी चौकशी डिझर्टेशनची. शेवटच्या सेमिस्टरला ते पूर्णवेळ असतं की लेक्चरच्या मधल्या वेळात उरकायचं? विषय स्वतःच्या मॅपिंगवर असतो की सरांकडचा जुना डेटा घेऊन एक्सेलमध्ये ग्राफ काढायचे? थिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायची दगडाची पातळ चकती, मुलं स्वतः घासतात की बाहेरून करून आणतात? हा प्रश्न छोटा वाटेल पण 0.03 मिलिमीटरपर्यंत दगड घासताना क्वार्ट्झचा रंग मायक्रोस्कोपखाली पिवळट दिसतोय म्हणजे स्लाइड अजून जाड आहे, राखाडी-पांढरा झाला म्हणजे जमलं, हे एकदा हाताने केलं की मिनरलॉजीचं पुस्तक वेगळंच वाचता येतं. आणि एक्सआरएफ, आयसीपी-एमएस असल्या, खडकातली मूलद्रव्यं मोजायच्या टेस्टचा खर्च विभाग करतो की विद्यार्थी, हेही न लाजता विचार. एकेका नमुन्याचे पैसे पडतात आणि बऱ्याच मुलांची डिझर्टेशनं तिथेच बारीक होतात.

आता तुझ्या भूकंपाकडे येऊ. इथे एक गोष्ट प्रेमाने पण सरळ सांगते. भूकंपाच्या लाटा, त्यांची नोंद, त्यावरून केंद्र आणि खोली काढणं, हे सगळं सिस्मॉलॉजी, म्हणजे जिओफिजिक्स, आणि त्याला मॅथ्स-फिजिक्स लागतं, नुसतं बारावीचं पुरत नाही. त्यासाठी अप्लाइड जिओफिजिक्सचे वेगळे कोर्स आहेत, मुंबई आयआयटीत आणि धनबादला, आणि तिथे फिजिक्सची मुलंही येतात. तुझ्या विषयांवर थेट तिथे जाणं अवघड आहे. पण भूकंपाकडे जिऑलॉजीतूनही वाट आहे. जमिनीत चर खणून जुन्या भूकंपांच्या खुणा शोधणं, सक्रिय भ्रंशांचं, म्हणजे अजून सरकणाऱ्या भेगांचं, मॅपिंग, बोअरच्या कोअरवरून (आतून काढलेल्या दगडाच्या दांड्यावरून) खालचा खडक कसा तुटलाय ते बघणं, ही कामं जिऑलॉजिस्टच करतात. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संस्थेने बोअर घेतली, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट भेदून त्याच्या खालचे जुने खडक हाती लागले. कोयनेला 11 डिसेंबर 1967 चा भूकंप झाला, त्या भागात कराडजवळच्या संस्थेने गोठणे इथे 3 किलोमीटर खोल पायलट बोअर घेतलीये, तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाईस. म्हणजे बघ, तुला ज्या भूकंपांची ओढ आहे त्यांची मुळं बेसाल्टच्या खालच्या खडकात आहेत. वर लिहिलं ना बेसाल्टच्या बाहेर नेणारा विभाग बघ, ते तुझ्यासाठी दुप्पट लागू आहे. आणि एमएस्सीच्या दोन वर्षांत बाजूने कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि थोडं पायथन शिकत राहा, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर फुकट कोर्स आहेत, म्हणजे पीएचडीच्या वेळी दार बंद होणार नाही.

जिऑइन्फर्मेटिक्सचं म्हणशील तर ते वाईट मुळीच नाही, जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशे आणि त्यातली माहिती हाताळणं, येणाऱ्याला काम मिळतं. पण अर्ज भरायच्या आधी पदवीवर काय नाव छापून येणार ते बघ. यूपीएससी जी कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा घेते, ज्यातून जिऑलॉजिकल सर्व्हेचे जिऑलॉजिस्ट आणि केंद्रीय भूजल मंडळाचे हायड्रोजिऑलॉजिस्ट निवडतात, तिच्या जाहिरातीत कुठल्या नावाची मास्टर्स चालेल याची यादीच दिलेली असते. जिऑलॉजी, अप्लाइड जिऑलॉजी, जिओकेमिस्ट्री, मरीन जिऑलॉजी अशी नावं त्यात आहेत, जिऑइन्फर्मेटिक्स आणि एन्व्हायरन्मेंटल सायन्स नाहीत. हायड्रोजिऑलॉजिस्टची यादी तर अजून छोटी. मुलं दोन वर्षं शिकतात, फॉर्म भरायला बसतात आणि तेव्हा कळतं की आपण पात्रच नाही, हे बघून फार वाईट वाटतं, कारण एका संध्याकाळच्या वाचनाने टळणारी गोष्ट असते. वयाची अट 21 ते 32, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. प्रिलिम 400 मार्कांची, मेन्स 600 ची वर्णनात्मक, इंटरव्ह्यू 200 चा. मेन्सला आकृत्या काढून लिहावं लागतं आणि तिथे परत फील्ड केलेली मुलं पुढे जातात. तेव्हा माझं मत असं की एमएस्सी जिऑलॉजी किंवा अप्लाइड जिऑलॉजी या नावानेच कर आणि जीआयएस डिप्लोमा किंवा सर्टिफिकेटने जोडून घे. उलटं करायला गेलीस तर पदवीचं नाव नंतर बदलत नाही.

एमएस्सीनंतर गेट आणि नेट या दोन परीक्षा. गेटच्या जिऑलॉजी-जिओफिजिक्स पेपरमध्ये थोडा भाग सगळ्यांना समान आणि पुढे दोन्हीतला एक निवडायचा, स्कोअर तीन वर्षं चालतो, एमटेकला आणि काही सरकारी कंपन्यांना लागतो. ओएनजीसीने बरीच वर्षं गेटवर भरती केली पण भरतीची पद्धत बदलत राहते, ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीची जाहिरात हाच पुरावा. सीएसआयआर नेटमध्ये आपला पेपर अर्थ, अ‍ॅटमॉस्फेरिक, ओशन आणि प्लॅनेटरी असा सगळा एकत्र आहे, घाबरू नकोस, सगळं यावं लागत नाही, आपला भाग पक्का करून प्रश्न निवडता येतात. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर एचआरए, म्हणजे पीएचडी घरच्यांवर ओझं न होता होते. पीएचडीच्या यूजीसीच्या 2022 च्या नियमांत किमान तीन वर्षं, मास्टर्सला 55 टक्के, किमान 12 क्रेडिटचा कोर्सवर्क अशा अटी आहेत. चार वर्षांची बीएस्सी 75 टक्क्यांनी केली तर मास्टर्सशिवायही अर्ज करता येतो. नवीन धोरणाखाली तुझ्या कॉलेजात चौथं वर्ष निघत असेल तर विचार कर, पण तिथे लॅब आणि शिकवणारी माणसं असतील तरच, नुसतं एक वर्ष वाढवून काय मिळणार.

अमेरिकेबद्दल. हो, तिथे बॅचलर्सवरून थेट पीएचडीला घेतात, आणि सायन्सच्या पीएचडीला साधारणपणे फी माफ होऊन शिकवण्याच्या किंवा रिसर्चच्या कामाचे पैसे मिळतात. अडचण आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीची, बऱ्याच विद्यापीठांना चार वर्षं हवी असतात, म्हणून इथून एमएस्सी करून गेलं की तो प्रश्नच मिटतो. एमएस दोन प्रकारची, थीसिसची आणि बिगर-थीसिसची, दोन्हीकडे साधारण 30 क्रेडिटच्या आसपास, पण पैसे मिळायची शक्यता थीसिसवाल्यात. बिगर-थीसिसला कर्ज काढून जायचं असेल तर घरच्यांना आकडे स्पष्ट दाखवून मगच. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता आपल्या विषयातल्या बऱ्याच विभागांनी काढून टाकलीये. अर्ज डिसेंबर-जानेवारीत, पण खरं काम सप्टेंबरपासून, ज्या प्राध्यापकाकडे काम करायचंय त्यांचे दोनतीन पेपर वाचून छोटी ईमेल करायची. अशा ईमेल माझ्याकडेही येतात, आदरणीय सर म्हणून सुरू होणाऱ्या आणि मला तुमच्या संशोधनात अतीव रस आहे यापलीकडे काहीच नसलेल्या, त्यांना उत्तर द्यावंसं वाटत नाही. त्याऐवजी, मी अमुक भागाचं मॅपिंग केलं, त्यात मला हे कळलं नाही, तुमच्या पेपरमध्ये त्याच्या जवळचं काही दिसलं, असं चार ओळीत लिहिलेलं असेल तर कुणीही थांबून वाचतं. पैशासकट ऑफर आली तर 15 एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ देण्याची तिथे बहुतेक मोठ्या विद्यापीठांत रीत आहे, घाईघाईत हो म्हणू नकोस. आणि तिथल्याही आतल्या अटी बघ. कॅल्क्युलस-फिजिक्स झालेलं नसेल तर ते कोर्स तिथे आधी पूर्ण करायला लावतात, पुढे क्वालिफाइंग परीक्षा, कमिटीपुढे प्रपोजल, मग थीसिस.

जर्मनी पण बघ. बहुतेक राज्यांत फी नाही, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र बाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो. राहण्याखाण्याचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दरमहा ठराविक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, 2024 च्या सप्टेंबरपासून वर्षाला 11,904 युरो, शिवाय आपली कागदपत्रं तपासून दिलेलं एपीएस सर्टिफिकेट. ते लोक तुझ्या बीएस्सीचे विषय एकेक मोजून बघतात, म्हणून सगळ्या सेमिस्टरचा सिलॅबस कॉलेजकडून शिक्का मारून आत्ताच घेऊन ठेव, नंतर क्लार्कच्या मागे फिरावं लागतं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण लिहिते, कारण मुली बहुतेक वेळा विचारत नाहीत. घरचे म्हणतील मुलगी डोंगरात, खाणीत कशाला. आमच्या बॅचमध्ये आता मुली कमी नसतात आणि फील्डवर त्या अजिबात मागे नसतात. 2019 मध्ये भूमिगत खाणीतही बायकांना तांत्रिक आणि देखरेखीची कामं दिवसा करायला परवानगी मिळाली. विभाग निवडताना मात्र विचार की फील्डला सोबत शिक्षिका असतात का, मुक्कामाची सोय कुठे असते. चांगला विभाग याचं उत्तर लगेच आणि तपशिलात देतो. पहिल्या फील्डच्या आधी आईवडिलांना एकदा विभागात घेऊन ये, शिक्षकांशी बोलू दे, निम्मी काळजी तिथेच कमी होते.

तर तुझ्यासाठी मी क्रम असा लावेन: जॅम आणि सीयूईटी दोन्ही दे, सोबत नागपूर, पुणे, गोवा इथले अर्ज भरून ठेव, नाव जिऑलॉजी किंवा अप्लाइड जिऑलॉजी असलेलीच एमएस्सी घे, डिझर्टेशन शक्यतो भ्रंश किंवा कोअरवर माग, आणि परदेशाचं एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी ठरव. घरी एक वर्ष थांबणं परवडणार असेल तर हा क्रम बदलू शकतो.

सगळ्या सेमिस्टरचे विषय आणि क्रेडिट इथे टाक, मार्क नको टाकूस. त्यावरून कुठल्या संस्थेच्या अटीत बसतेस आणि कुठे मॅथ्स आडवं येतंय ते बघून या रविवारपर्यंत लिहिते.